न्हाणीतलं कर्नाटक

विज्ञानानं माणसामाणसांतलं अंतर संपवलं आहे, आणि यापुढे या पृथ्वीवर कुणी कुणापासून दूर राहणार नाही, असं माझं त्या काळी ठाम मत होतं. गावाशेजारच्या ठाणाकुशनूरला माझं छोटं दुकान होतं. टायपिंग, सीडी, मोबाइलची कव्हरं आणि फुकटात मतं. येणाऱ्या प्रत्येकाला मी हे मत ऐकवत असे. संपायचं राहिलेलं अंतर माझ्या माहितीत एकच होतं, आमच्या घरातल्या देवघरापासून न्हाणीपर्यंतचं.

देवघर महाराष्ट्रात होतं आणि न्हाणी कर्नाटकात.

सरकारी नकाशाप्रमाणं आमचं अख्खं गाव बीदर जिल्ह्यात आहे. हद्द जवळ आहे, रमतगमत चालत गेलं तरी बिडी संपायच्या आत येते. मोबाइलचा नकाशा मात्र वेगळा होता. उदगीरच्या बाजूचा टॉवर उंचावर, त्यामुळं त्याचा जोर आमच्या अंगणापर्यंत येई. ठाणाकुशनूरचा टॉवर आमचा, म्हणजे कर्नाटकाचा. त्याचं उद्घाटन फेटे बांधून, शाल पांघरून, नारळ फोडून झालं होतं. जग आता तुमच्या दारात आलं, असं भाषणही झालं. ते जग आमच्या न्हाणीच्या भिंतीपर्यंत येऊन थांबलं.

आमची सिमकार्डं कर्नाटकातली. फोननं महाराष्ट्राचा टॉवर पकडला की तो परमुलखात गेला, असं कंपनी धरी. त्याला रोमिंग म्हणत. रोमिंगमध्ये आलेला फोन नुसता उचलला तरी आपले पैसे जात. स्वयंपाकघरात भाकरी थापणारी बाई कंपनीच्या लेखी परराज्यात प्रवासाला निघालेली असे.

तेव्हा गावानं एक रीत काढली. काढली असं म्हणणं नम्रपणाचं होईल, ती मीच काढली होती. फोन वाजला की आधी पडद्यावर कुठल्या राज्याचा टॉवर आहे ते बघायचं. महाराष्ट्र दिसलं तर फोन कट करायचा. मग आपापल्या कर्नाटकात जायचं, म्हणजे कुणी न्हाणीत, कुणी पाण्याच्या टाकीजवळ, कुणी मारुतीच्या पाठीमागं, आणि तिथून एक मिस्ड कॉल द्यायचा. समोरचा पुन्हा फोन करतो. पुण्याला, हैदराबादला कामाला गेलेल्या सगळ्यांना हे माहीत झालं होतं. आमच्या गावच्या माणसानं फोन कट केला तर कुणाला राग येत नसे. कट करणं म्हणजे ऐकलं, येतोय, थांब. न कट करता वाजू देणं हा उद्धटपणा समजत.

मी हे नियम दुकानातल्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर छापून गिरणीत आणि हॉटेलात चिकटवलेही होते. गिरणीतल्या एका म्हाताऱ्यानं कागद वाचून घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "लोक पुन्याला जायलेत, अन् हे पोरगं म्हनायलंय कर्नाटकात जावे. कर्नाटकातच हाओत की आपन."

माझ्याविषयी एवढं सांगायला हवं की माझा जीव कुठल्याच यंत्रात फार दिवस रमला नाही. लहानपणी आमच्या टीव्हीचा अँटेना फिरवायचं काम माझ्याकडं होतं. एका बाजूला वळवला की मराठी बातम्या, दुसऱ्या बाजूला कन्नड. वारा आला की बातम्यांची भाषा मधेच बदले, आणि अप्पा, म्हणजे माझे वडील, दोन्ही सारख्याच अविश्वासानं ऐकत. पुढे हैदराबादेहून मी पेजर आणला. तो शहराबाहेर चालत नाही हे मला गावी आल्यावर कळलं. तरी मी तो कित्येक महिने पट्ट्याला लावून हिंडलो. एका पाहुण्यानं हळू आवाजात विचारलं, हृदयाचं आहे का. नंतर कॅसेटी टाकून व्हीसीडी, व्हीसीडी टाकून एमपीथ्री. प्रत्येक वेळी मागचं यंत्र मला मागासलेलं वाटू लागे आणि नवं यंत्र चार दिवसांत सामान्य.

सॉफ्टवेअरबद्दल माझं मत त्याहून कडक होतं. नवी आवृत्ती म्हणजे जुनंच काम जास्त वेळ थांबायला लावून करणं. तरी ती मी टाकत असे. न टाकलेली नवी आवृत्ती मला झोपू देत नसे. रंगीत पडद्याचा फोन हा निव्वळ डामडौल, असं मी म्हणे आणि माझा फोन रंगीत पडद्याचा होता. मोबाइलमध्ये प्रामाणिक अशी एकच गोष्ट आहे, टॉर्च, हे मात्र मी अजूनही मानतो.

हे सगळं चालू असताना अक्का घरी बसून होती.

अक्का माझी बहीण, माझ्याहून चार वर्षांनी मोठी, मला तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणे. भालकीला बी.ए. झाली, एका खाजगी शाळेत शिकवू लागली, आणि शाळाच बंद पडली. त्याला दोन वर्षं झाली होती. या दोन वर्षांत तिनं घरातलं प्रत्येक भांडं इतकं घासलं होतं की तिच्या बोटांचे ठसे उमटायचे बंद झाले होते. आलेगेले विचारत, सध्या काय करतेस. ती म्हणे, "बसले हाव." या उत्तरानंतर पाहुणे चहा लवकर संपवत.

मग बीदरच्या एका खाजगी हॉस्पिटलात जागा निघाली. स्वागतकक्षात बसायचं आणि फोन सांभाळायचा. तिथं येणारे रोगी चार भाषांतले, आणि अक्काला त्यातल्या साडेतीन येत. मराठी आणि कन्नड घरातल्या, दखनी उर्दू बाजारातली, आणि औरादकडच्या मैत्रिणींमुळं अर्धी तेलुगू. ती मुलाखतीला जाऊन आली. व्यवस्थापक फारसं बोलले नाहीत. आठ दिवसांत फोन करू म्हणाले, आणि फोन लागला नाही तर दुसऱ्या बाईला बोलावू. ती दुसरी बाई अक्कानं बाकावर बसलेली पाहिली होती. तिच्याजवळ कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट होतं, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं.

गावातल्या लँडलाइनी रस्त्याच्या खोदकामात गेल्या त्या गेल्याच होत्या. म्हणून अक्कानं माझा मोबाइल नंबर दिला होता. मी दुकान बंद ठेवून फोन तिच्या हवाली केला. हवाली करताना मी तिला जवळजवळ तासभर शिकवलं. बॅटरी किती उरली ते कसं बघायचं, चुकून सायलेंट झाला तर काय करायचं, आलेला नंबर साठवायचा कसा. घंटीचा आवाज मी तिच्यासाठी बदलून दिला, लग्नाच्या बँडसारखा होता तो काढून साधा ठेवला, नोकरीला शोभेलसा. एवढ्या सगळ्यात एक गोष्ट सांगायची राहिली. हा फोन आला तर महाराष्ट्रात असलीस तरी उचल, हे. ते मला सुचलंच नाही. आमच्या गावात वाजलेला फोन कट करणं हेच त्याला उत्तर देणं होतं, आणि उत्तर द्यायला काय शिकवायचं?

चौथ्या दिवशी सकाळी फोन आला. अक्का चुलीपुढं होती, हात पिठाचे. बीदरचा नंबर. तिनं पडदा बघितला, महाराष्ट्र. अंगठ्यानं सफाईनं कट केलं आणि न्हाणीकडं धावली. मी तिच्या मागं. न्हाणीत उभं राहून तिनं त्या नंबरला मिस्ड कॉल दिला आणि आम्ही दोघं बंबाकडं बघत उभे राहिलो. काही झालं नाही. पुन्हा दिला. तिकडून कुणीतरी उचलून "हलो, हलो" केलं, आणि मिस्ड कॉलला पैसे पडू नयेत म्हणून अक्कानं घाईनं ठेवून दिला.

ती न्हाणीतून बाहेर अंगणात आली तोच पुन्हा वाजला. अंगण महाराष्ट्रात. कट. मी म्हणालो, इथं न्हाणीतही धरसोड होतेय, टाकीजवळ जाऊ, तिथं सिग्नलच्या काड्या पूर्ण येतात. आम्ही टाकीकडं पळत निघालो. गल्लीच्या तोंडाशी तिसऱ्यांदा वाजला. अक्का या वेळी थांबली. तिनं फोनकडं बघितलं, मग माझ्याकडं. बोट कुठल्या बटणावर ठेवावं याचा ती विचार करत होती, हे मला आज स्पष्ट दिसतं.

मी म्हणालो, "कट कर, कट कर. टाकी आलीच."

तिनं कट केलं. टाकीजवळ काड्या पूर्ण होत्या. आम्ही तिथं ऊन डोक्यावर येईपर्यंत उभे राहिलो. फोन आला नाही. अक्कानं मग सरळ लावून बघितला, मिस्ड कॉल नाही, बोलायलाच. नंबर सारखा गुंतलेला. दुपारी एकदा लागला तर कुणी पुरुष आवाज कन्नडमध्ये खेकसला की हे हॉस्पिटल आहे, पोरांनो, सकाळपासून काय खेळ लावलाय, आणि आपटून टाकला.

अक्का घरी येताना गल्लीत थांबली. आवाज चढवला नाही तिनं.

"तम्मा, कामून कट करायला लावलास रं?"

माझ्याकडं याचं तांत्रिक उत्तर होतं. मी ते दिलं नाही, एवढीच त्या दिवसातली माझी शहाणपणाची गोष्ट.

पुढचे तीन दिवस घरात कुणाला एका जागी बसवेना. मी फोन न्हाणीत बंबाशेजारच्या कोनाड्यात ठेवला, कारण तिथं कर्नाटकाच्या दोन काड्या टिकत. न्हाणीत फोन असल्यामुळं तिथं पाणी घेता येईना. अप्पा टाकीवर जाऊन अंघोळ करू लागले. अव्वा, माझी आई, पहाटे उठून अंधारातच अंग धुऊन घेई आणि फोनवर परात पालथी घाली. परातीखाली काड्या जातात हे मी तिला समजावलं. ती म्हणाली, "भिजला तर समदंच जातंय."

मी स्वस्थ बसू शकलो नाही. टीव्हीचा जुना अँटेना छपरावरून काढून न्हाणीच्या भिंतीला लावला, तार आत घेतली, फोनचं मागचं झाकण उघडून तारेचं टोक टेकवून बघितलं. एक काडी वाढली की मी हात काढी आणि दोन कमी होत. नेटवर्क हातानं निवडायची सोय फोनमध्ये होती, ती लावली. फोननं मुकाट्यानं सांगितलं, सेवा उपलब्ध नाही. यंत्रांबद्दलचं माझं एक जुनं मत असं की ती खोटं बोलत नाहीत. या तीन दिवसांत मला ते मत फारसं उपयोगी वाटलं नाही. अक्का अंगणात फेऱ्या घाली. देवघरापासून न्हाणीपर्यंत, न्हाणीपासून देवघरापर्यंत. राज्यं ओलांडत होती म्हणायची.

बीदरला जाऊन विचारून यावं, एवढी साधी गोष्ट होती. पण अप्पांचं याबाबत एक तत्त्व होतं. ते अडतीवर धान्य विकत आयुष्य काढलेले. एकदा भाव सांगितला की पुन्हा दारात जायचं नाही, गिऱ्हाईक स्वतः आलं पाहिजे. अक्कानं विषय काढला तेव्हा ते म्हणाले, "एकदा जाऊन आलीस न्हवं? गरज असंल तर बोलीवतील. हुबं राहायचं न्हाई कुनाच्या दारात."

"त्येनी बोलीवलेत अप्पा. तीनदा बोलीवलेत," अक्का म्हणाली. "म्याच न्हाई म्हनलेय तीनदा."

अप्पांनी यावर पुन्हा नाही म्हटलं नाही. त्यांनी होयही म्हटलं नाही. आमच्या घरात याचा अर्थ तू जा, मी बघितलं नाही, असा होतो.

आठव्या दिवशी सकाळच्या बसनं आम्ही दोघं निघालो. बसमध्ये अक्का खिडकीकडं बसली होती आणि तिचा पाय सगळ्या वाटेवर हलत होता. मी तिला मोबाइलची सर्कल म्हणजे काय, टॉवरची व्याप्ती कशी ठरते, हे सांगत होतो. म्हणजे व्यवस्थापकांना नीट समजावता येईल. भालकी येईपर्यंत तिनं ऐकलं. भालकीला म्हणाली, तू तिथं बोलू नकोस.

हॉस्पिटलात स्वागतकक्षाच्या बाकावर ती दुसरी बाई बसली होती. पिशवी मांडीवर. तिला अकराला बोलावलं होतं. आम्ही साडेदहाला पोचलो होतो. अक्कानं तिच्याकडं एकदा बघितलं आणि सरळ आत गेली. मी दारात.

व्यवस्थापक निवृत्त लष्करी वाटावेत असे होते, म्हणजे पेन आणि पेन्सिली उंचीनुसार लावलेल्या. हैदराबादेत नोकरी झालेली असावी, दखनीत बोलत. त्यांनी अक्काला ओळखलं.

"तीन बार फोन काटे सो आपईच ना?"

मी बोलायचं नाही हे विसरलो. पुढं होऊन म्हणालो, सर, त्याचं असं आहे की आमचं गाव दोन सर्कलच्या सीमेवर येतं आणि सिग्नलची तीव्रता... त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. अक्कानंही नाही.

"हमारे गाँव में काटे तो सुने बोलके मतलब, साब," अक्का म्हणाली. "नइ काटे तो बुरा मानते लोगाँ."

"ऐसा कैसा?"

"ऐसाइच है साब. पूरे सरहद के गाँवाँ में ऐसाइच है."

त्यांनी पेन्सिलींतली एक काढून पुन्हा तिथंच ठेवली. मग टेबलाखालून एक लांबट वही काढली आणि अक्काच्या पुढं सरकवली. ऑपरेशनच्या तारखा कळवायला, तपासणीचे निकाल सांगायला हॉस्पिटल रोग्यांना फोन करी, त्याची नोंद त्या वहीत होती. नावापुढं गाव, गावापुढं शेरा. मी दारातून मान लांब करून वाचलं. पानोपान एकच शेरा होता. फोन कट केला. फोन कट केला. फोन कट केला. तीनदा कट झाला की रोग्याला यायचं नाही असं समजून खाट पुढच्याला देत. आणि ते रोगी आठवड्यानं गाठोडी घेऊन दारात येत, भांडत, आम्ही मिस्ड कॉल दिला होता म्हणून. ते फोनवर खेळ करणारे लोक कोण, हे कोडं हॉस्पिटलला बरेच दिवस होतं.

अक्कानं खुर्ची ओढून घेतली. बसा म्हटलं नव्हतं कुणी. ती बोट फिरवत गावं वाचू लागली. हे उदगीरच्या टॉवरखालचं, हे कट करणारच, एकदा लावून दहा मिनिटं थांबा, त्यांचा मिस्ड कॉल येईल, मग लगेच लावा. हे गाव खटकचिंचोळीकडचं, इथं आपलंच नेटवर्क आहे, यांनी कट केला तर खरंच यायचं नसेल. हा नंबर किराणा दुकानाचा आहे, निरोप मिळतो पण संध्याकाळी. हा माणूस कन्नड बोलतो पण घाबरला की तेलुगू बोलतो, त्याला हळू सांगा. ती हे दखनीत सांगत होती. व्यवस्थापकांनी मधेच कन्नडमध्ये काही विचारलं, तिनं कन्नडमध्ये उत्तर दिलं. मला तिचा असा आवाज माहीत नव्हता. शाळेत तो ऐकू येत असावा.

पंधरा मिनिटांत दोन फोन तिनं तिथूनच लावले. पहिला कट झाला. व्यवस्थापक म्हणाले, बघा. अक्का म्हणाली, थांबा. आम्ही सगळे टेबलावरच्या त्या काळ्या यंत्राकडं बघत थांबलो. ते अगदी साधं होतं, पडदा नसलेलं, गोल तबकडी जाऊन नुसती बटणं आलेलं. मी एरवी त्याच्यावर काहीतरी मत दिलं असतं. ते एकदा वाजलं आणि थांबलं. अक्कानं नंबर फिरवला. पलीकडून कुणी बाई मोठ्यानं बोलू लागली, आणि अक्कानं तिच्या नवऱ्याच्या ऑपरेशनची तारीख तिला दोनदा सांगितली, तिच्याकडून एकदा वदवून घेतली, उपाशीपोटी आणायचं हे तीनदा बजावलं.

फोन ठेवल्यावर ती व्यवस्थापकांकडं वळली. पुढं काय बोलावं हे तिला कळत नव्हतं, कारण एवढ्या वेळात नोकरीचा विषय निघालाच नव्हता. त्यांनी घड्याळ बघितलं. अकरा वाजायला आले होते. ते उठून बाहेर गेले आणि बाकावरच्या त्या बाईशी बोलून आले. काय बोलले ते ऐकू आलं नाही. ती बाई पिशवी छातीशी धरून आमच्यासमोरूनच गेली. अक्कानं तेव्हा मान खाली घातली. परत येताना बसमध्ये ती नोकरीबद्दल कमी आणि त्या बाईबद्दल जास्त बोलली. तिचं सर्टिफिकेट खरं होतं, असं म्हणाली.

पुढच्या सोमवारी तिनं कामावर जायचं ठरलं. बायकांच्या वसतिगृहात खोली मिळाली. अव्वानं शेंगाची चटणी आणि कडक भाकरी बांधून दिल्या. अप्पा बसथांब्यापर्यंत आले नाहीत, त्यांना अडतीवर काम निघालं. मी माझा फोन पुन्हा घेतला, झाकण लावलं, अँटेना छपरावर चढवला. अप्पा न्हाणीत अंघोळ करू लागले. बोलायला तिला हॉस्पिटलचा फोन होता, आणि घरी ठेवायला म्हणून मी एक जुना हँडसेट अप्पांच्या हातात दिला. तो कसा वापरायचा हे शिकवत मी पुन्हा तासभर घालवला. या वेळी मी एकही गोष्ट विसरलो नाही. अक्काचा फोन आला तर पैशाचा विचार करू नका, कुठंही असा, उचला, हे मी पहिल्यांदा सांगितलं आणि शेवटीही सांगितलं.

पहिल्याच दिवशी संध्याकाळी पाच वाजता अक्कानं हॉस्पिटलातून घरी फोन लावला. अप्पा अंगणात बाजेवर बसले होते. त्यांनी पडदा बघितला, आणि कट केला.